कफील गेला, हिशेब आला



गणपतीच्या आरतीनंतर असो की कोजागिरीच्या दुधाच्या रांगेत, आपल्या मंडळींच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : "नोकरीचं काही खरं नाही, स्वतःचं काहीतरी सुरू करायला हवं." पूर्वी या वाक्यानंतर कोणीतरी लगेच विचारायचे, "पण अरबाब कुठून आणणार?" आणि विषय तिथेच मिटायचा. आता तो मिटत नाही. उलट कोणीतरी मोबाईल काढून एखाद्या एजंटची जाहिरात दाखवते. लायसन्स, व्हिसा, टेबल-खुर्ची सगळे एका पॅकेजमध्ये. कफील नको, भागीदार नको, कंपनी शंभर टक्के तुमची!

यातले "शंभर टक्के तुमची" हे शब्द खरे आहेत. प्रश्न एवढाच की कंपनीबरोबर आणखी काय काय शंभर टक्के आपले झाले, याचा विचार आपण केला आहे का? २०१८ पासून संयुक्त अरब अमिरातीत व्यवसायाचे नियम इतके बदलले आहेत की दहा वर्षांपूर्वी इथे दुकान थाटलेल्या माणसाचा सल्ला आज जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. मालकीचे दार उघडले ते खरे, पण त्याच काळात हिशेब, कर, बँक आणि वसुली या चारही बाजूंनी जबाबदारी मालकाच्या अंगावर आली. नोकरी सोडून धंद्यात उतरण्याचा विचार करणाऱ्यांनी हे चित्र एकदा नीट पाहून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास. १९८४ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मेनलँडवर, म्हणजे फ्री झोनच्या बाहेर, कंपनी काढायची तर किमान ५१ टक्के भाग अमिराती नागरिकाच्या नावावर असणे बंधनकारक होते. १९८५ मध्ये जेबेल अलीचा फ्री झोन आला आणि त्या कुंपणाच्या आत परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळाली. पुढे असे फ्री झोन वाढत वाढत चाळीसच्या वर गेले. पण मीना बाजारात किंवा करामात किराणा, कपडे, हॉटेल असा धंदा करायचा तर ५१ टक्क्यांचा नियम होताच. मग त्यावर आपण सगळ्यांनी मिळून एक देशी उपाय शोधला. कागदावर ५१ टक्के कफीलचे, आणि बाजूला एक वेगळा करार : कफीलला दरवर्षी ठरलेली रक्कम, नफातोटा सगळा आपला. गंमत म्हणजे असे दुसऱ्याच्या नावाआडून व्यवसाय करण्याविरुद्ध २००४ चा कायदा होताच. तरी वर्षानुवर्षे हे चालले, आणि अनेक कफील शब्दाला जागणारे निघाले हेही सांगायला हवे.

मग २०२० च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जून २०२१ पासून मेनलँडवरही पूर्ण परदेशी मालकी सुरू झाली. दुबईच्या अर्थविभागाने त्याच वर्षी हजाराहून अधिक व्यापारी आणि औद्योगिक कामांची यादी दिली, ज्यांत स्थानिक भागीदाराची गरज उरली नाही. सुरक्षा, बँकिंग, दूरसंचार अशी काही क्षेत्रे सोडली तर आपण साधारणपणे जे धंदे करतो ते सगळे त्यात बसतात.

इथे पहिला मुद्दा जुन्या मंडळींसाठी. कायदा बदलला म्हणून कफीलच्या नावावरचे भाग आपोआप तुमच्या नावावर होत नाहीत. त्यासाठी त्याने नोटरीसमोर सही करावी लागते, कंपनीचा करारनामा नव्याने करावा लागतो, लायसन्स बदलावे लागते. संबंध चांगले आहेत, घाई काय, असे म्हणत पुष्कळांनी हे काम तसेच ठेवले आहे. पण माणूस आज आहे, उद्या नाही. कफीलच्या पश्चात त्याच्या नावावरचे भाग त्याच्या वारसांकडे जातात, आणि त्या वारसांनी तुमच्याबरोबर चहा प्यायलेला नसतो. बाजूचा करार घेऊन न्यायालयात जायची वेळ आली तर तो कायदा डावलण्यासाठीच केलेला कागद होता, ही गोष्ट लपत नाही. ज्यांची वीस-पंचवीस वर्षांची कमाई अशा कागदावर उभी आहे त्यांनी हे काम पुढच्या लायसन्स नूतनीकरणापर्यंतसुद्धा थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नव्याने उतरणाऱ्यांकडे वळू. आपल्यातले बहुतेक जण नोकरदार. भांडवल म्हणजे काय, तर ग्रॅच्युइटी आणि थोडी शिल्लक. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, त्यानंतर दरवर्षी ३० दिवसांचे. समजा एखाद्याने एका कंपनीत वीस वर्षे काढली आणि शेवटचे मूळ वेतन ८००० दिरहम आहे. पाच वर्षांचे १०५ दिवस, पंधरा वर्षांचे ४५० दिवस, एकूण ५५५ दिवस, म्हणजे साडेअठरा महिने. रक्कम साधारण १ लाख ४८ हजार दिरहम. वीस वर्षांच्या घामाचे हे पैसे. (मूळ वेतनावर हिशेब होतो, एकूण पगारावर नाही, हे अनेकांना शेवटच्या दिवशीच कळते. असो.)

या पैशांत व्यापार करायचा म्हटले तर काय होते ते पाहू. आपल्याकडची लोकप्रिय कल्पना म्हणजे भारतातून खाद्यपदार्थ आणायचे : मसाले, पापड, लोणची, पोहे, लाडू-चिवड्याची पाकिटे. ती इथल्या सुपरमार्केटना पुरवायची. मागणी आहे यात शंका नाही. माल खपतोही. पण सुपरमार्केट रोखीने घेत नाही. साठ, नव्वद दिवसांची उधारी ही इथली रीत आहे, आणि मांडणीवर जागा द्यायचे वेगळे पैसे, वार्षिक सूट, मुदत संपलेला माल परत, हे सगळे पुरवठादाराच्या माथी.

समजा तुम्ही महिन्याला ५० हजार दिरहमचा माल देता, त्यात तुमची खरेदी ४० हजारांची, उधारी नव्वद दिवसांची. पहिल्या महिन्याच्या शेवटी केलेल्या बिलाचे पैसे चौथ्या महिन्याच्या शेवटी येणार, तेही सगळे सुरळीत झाले तर. तोपर्यंत तुम्ही चार महिन्यांचा माल विकत घेतलेला आहे, म्हणजे १ लाख ६० हजार दिरहम घालून बसला आहात. ग्रॅच्युइटी इथेच संपली. अजून लायसन्स नाही, गोदामाचे भाडे नाही, गाडी नाही, ड्रायव्हर नाही, आणि घरी मुलांची शाळेची फी नाही. धंदा बुडाला का? मुळीच नाही, कागदावर तो दरमहा दहा हजार कमावतो आहे! इथे छोटे धंदे पुष्कळदा तोट्याने नव्हे, तर उधारीने मरतात.

त्यात आता व्हॅटची भर. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. वार्षिक उलाढाल ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. वरच्या उदाहरणातली उलाढाल सहा लाखांची, म्हणजे नोंदणी आलीच. आणि आपला शेंगदाण्याचा लाडूही इथे करपात्र आहे, खाण्याच्या वस्तूंना सूट नाही. नोंदणी झालेल्या आयातदाराला आयातीवरचा व्हॅट विवरणपत्रातच दाखवून वळता करता येतो, हे चांगले आहे. पण विक्रीवरचा व्हॅट बिलाच्या तारखेने देय होतो, पैसे हातात पडल्याच्या तारखेने नव्हे. तीन महिन्यांच्या दीड लाखांच्या बिलांवर साडेसात हजार दिरहम. तिमाही संपल्यावर २८ दिवसांत ते भरायचे. म्हणजे पहिल्या बिलाचा पहिला दिरहम हातात येण्याआधी सरकारला साडेसात हजार आपल्या खिशातून. बुडीत बिलावरचा व्हॅट परत मिळवण्याची सोय आहे, पण त्याला सहा महिन्यांहून जास्त थांबावे लागते आणि ती रक्कम आधी हिशेबात बुडीत म्हणून दाखवावी लागते.

व्हॅटची सवय होते न होते तोच कॉर्पोरेट टॅक्स आला. १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य आणि त्यावरच्या नफ्यावर ९ टक्के. दर काही भयंकर नाही. मुंबई-पुण्यात धंदा केलेल्यांना हसूच येईल. पण कराची रक्कम आणि कराचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मला कुठे एवढा नफा आहे, माझा काय संबंध?" असे म्हणणाऱ्या लहान कंपन्यांनाही नोंदणी करावीच लागते आणि विवरणपत्र भरावेच लागते. नोंदणीला उशीर झाला तर दंड १० हजार दिरहम. २०२५ मध्ये सरकारने एक सवलत दिली : पहिले विवरणपत्र पहिल्या करवर्षाच्या समाप्तीनंतर सात महिन्यांत भरले तर हा दंड माफ. एरवी मुदत नऊ महिन्यांची असते. ज्यांना हे वेळेत कळले त्यांचे दहा हजार वाचले. चपात्या लाटणाऱ्या दोन माणसांच्या हॉटेलवाल्याला हे कोणी सांगायचे, हा प्रश्न आहेच.

लहानांसाठी एक दिलासा आहे. उलाढाल ३० लाख दिरहमपर्यंत असेल तर करपात्र उत्पन्न नाही असे धरले जाते. पण ही सवलत आपोआप मिळत नाही, विवरणपत्रात मागून घ्यावी लागते. शिवाय ३१ डिसेंबर २०२६ रोजी किंवा त्याआधी संपणाऱ्या करवर्षांपुरतीच तिची तरतूद केलेली आहे. आणखी एक खोच : ज्या वर्षी ही सवलत घेतली त्या वर्षीचा तोटा पुढच्या वर्षांत वजा करता येत नाही. सुरुवातीला दोन वर्षे तोटा होणार हे दिसत असेल तर सवलत न घेणेच फायद्याचे ठरू शकते. हा निर्णय एजंटचा नाही, हिशेबनीसाचा आहे. म्हणून सांगतो, लायसन्सच्या पैशांबरोबरच चांगल्या हिशेबनीसाचे पैसे बाजूला काढा. कागदपत्रे सात वर्षे जपून ठेवायची आहेत. आपल्याकडची वही आणि चिठ्ठ्यांची तार इथे चालणार नाही.

फ्री झोनबद्दलही एक गैरसमज पक्का रुजला आहे : फ्री झोन म्हणजे कर शून्य. शून्य टक्के दर आहे, पण तो पात्र उत्पन्नावर, आणि त्यासाठी हिशेबांचे लेखापरीक्षण करून घेणे, झोनमध्ये खरोखर कामकाज असणे अशा अटी आहेत. फ्री झोनमध्ये सल्लागार कंपनी काढून मेनलँडच्या ग्राहकांना सेवा द्यायची आणि कर शून्य धरायचा, हे गणित जुळत नाही. अपात्र उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले तर ते वर्ष आणि पुढची चार वर्षे शून्याचा दर्जा जातो. आणि जो शून्याचा दर्जा घेतो त्याला वरची ३० लाखांची सवलत मागता येत नाही. एक धरायचे तर दुसरे सोडायचे. शिवाय फ्री झोनच्या लायसन्सवर मेनलँडमध्ये सरसकट धंदा करता येत नाही. दुबईने २०२५ च्या ११ व्या क्रमांकाच्या ठरावाने त्यासाठी परवान्याची वाट उघडली आहे, ती चांगली गोष्ट आहे, पण त्या कामाच्या उत्पन्नावर ९ टक्क्यांचा नियम लागतो आणि हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पॅकेज विकणारा हे सांगायला विसरतो. तुमचा ग्राहक नेमका कुठे बसलेला आहे, हे आधी ठरवा. लायसन्स कुठले घ्यायचे याचे अर्धे उत्तर तिथेच मिळते.

बँकेची कथा तर वेगळीच. लायसन्स चार दिवसांत मिळते आणि खाते उघडायला चार महिने लागतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याचे कारण बँकेच्या खिडकीवरच्या माणसाचा खडूसपणा नाही. आर्थिक गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने मार्च २०२२ मध्ये अमिरातीला करड्या यादीत टाकले होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातून काढले. त्या काळात बँकांनी जे कडक नियम लावले ते यादीतून नाव गेल्यावरही सैल झाले नाहीत. कंपनीचा खरा मालक कोण याची नोंद ठेवणे २०२० पासून बंधनकारक आहे. बँक विचारते : ग्राहक कोण, पुरवठादार कोण, पैसा कुठून आला, कार्यालय कुठे आहे? फक्त टेबल भाड्याने घेतलेल्या नव्या कंपनीकडे यांतल्या बहुतेक प्रश्नांना कागद नसतो. आणि खाते नाही तोवर बिल नाही, पगार नाही. कामगारांचे पगार २००९ पासून वेतन संरक्षण प्रणालीतूनच द्यावे लागतात, त्यामुळे रोखीने भागवू म्हणणेही शक्य नाही. तेव्हा पहिल्या ग्राहकाचे लेखी मागणीपत्र हातात असल्याशिवाय लायसन्सचे पैसे भरू नयेत. निदान खाते उघडायला तरी ते कामी येते.

चेकविषयी थोडे सविस्तर, कारण याबाबत अर्धवट माहिती फार पसरली आहे. चेक परत गेला तर तुरुंग, ही आखातातली जुनी दहशत. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे कमी असल्यामुळे चेक परत जाणे हा साधारणपणे फौजदारी गुन्हा राहिला नाही. ही मोठीच सुटका. पण "आता चेकला कोणी विचारत नाही" हा त्याचा अर्थ नव्हे. खात्यात असेल तेवढी रक्कम बँकेने चेकवाल्याला द्यायची आहे, आणि उरलेल्यासाठी चेकवाल्याला लांबलचक दावा न लावता थेट वसुली न्यायालयात जाता येते. मुद्दाम खाते बंद करणे, कारण नसताना चेक थांबवणे, खोटी सही, हे अजूनही गुन्हेच. आणि १० हजार दिरहम किंवा जास्त रकमेच्या देण्यासाठी देणेकरी देश सोडून जाईल अशी भीती दाखवता आली तर न्यायालय प्रवासबंदी घालू शकते. वडील आजारी आहेत म्हणून विमानतळावर गेलेल्या माणसाला तिथे आपल्यावरची बंदी कळावी, याहून वाईट काय?

यावर उत्तर येते : "पण माझी तर मर्यादित जबाबदारीची कंपनी आहे, माझ्या घरापर्यंत कोण येणार?" कंपनीची जबाबदारी मर्यादित असते, तुमच्या सहीची नसते. दुकानाच्या भाड्याचे वर्षभराचे चेक, गाडीचे कर्ज, बँकेची वैयक्तिक हमी, यांवर नाव कोणाचे आहे ते पाहा. नव्या कंपनीला मालकाच्या वैयक्तिक हमीशिवाय कोणी फारसे उभे करत नाही. कफील होता तेव्हाही हा धोका होताच, पण आता दुसरे नावच नाही.

न्यायाने हेही सांगायला हवे की पडलेल्याला उठण्यासाठी कायद्याने हातही पुढे केला आहे. दिवाळखोरीचा नवा कायदा १ मे २०२४ पासून लागू झाला आणि त्यात देणी पुन्हा बांधून घेण्याच्या रीतसर वाटा आहेत. रातोरात चाव्या गाडीत ठेवून विमान पकडणारे धंदेवाले ही २००९ च्या मंदीत दुबईची गाजलेली कथा होती. आज तसे करण्याची गरज नाही आणि तसे करून सुटकाही नाही.

नोकरी गेली तर निदान तीन महिने विम्याचा आधार असतो. जानेवारी २०२३ पासून बेकारी विमा सक्तीचा झाला, त्यात मूळ वेतनाच्या ६० टक्के, कमाल तीन महिने मिळतात. पण स्वतःच्या कंपनीत काम करणारा मालक या योजनेच्या बाहेर. तुमचा निवासी व्हिसा तुमच्या कंपनीवर, बायकोमुलांचा तुमच्यावर. धंदा बंद पडला की उत्पन्न आणि राहण्याचा हक्क एकाच दिवशी धोक्यात येतात. यासाठी ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी राहण्याची वेगळी सोय करावी. २० लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. तेवढी ऐपत आपल्यातल्या थोड्यांचीच. नवराबायको दोघे नोकरीत असतील तर एकाने धंद्यात उतरण्याआधी कुटुंबाचा व्हिसा दुसऱ्याच्या नोकरीवर घ्यावा, हा साधा आणि बिनखर्चाच्या जवळ जाणारा उपाय आहे. तो करताना "नवऱ्याचा व्हिसा बायकोवर कसा?" असले प्रश्न मनात आणू नयेत!

आणि ज्यांचा धंदा म्हणजे स्वतःचे कौशल्य आहे, उदाहरणार्थ संगणक, डिझाइन, लेखापाल, प्रशिक्षण, त्यांनी कंपनी काढायचीच कशाला? फ्रीलान्स परवाना घ्या. २०२२ मध्ये आलेल्या ग्रीन व्हिसात स्वतंत्र काम करणाऱ्याला पाच वर्षे राहता येते. त्यासाठी पदवी किंवा तत्सम पदविका आणि मागच्या दोन वर्षांत स्वतंत्र कामाचे ३ लाख ६० हजार दिरहम उत्पन्न दाखवावे लागते. व्यक्तीच्या नावाने केलेल्या व्यवसायाला कॉर्पोरेट टॅक्स लागतो तो वर्षाची उलाढाल १० लाख दिरहमच्या वर गेली तरच. मात्र नोकरीत असतानाच हे सुरू करायचे असेल तर नोकरीचा करार काढून वाचा. स्पर्धा न करण्याचे कलम दोन वर्षांपर्यंत लागू राहू शकते.

आता एक नाजूक विषय. आपल्या भगिनी घरून मोदक, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ करून देतात. चव अशी की नावे काढावीत. यातून कित्येक घरांना हातभार लागतो आणि आपल्या सणांची शान राहते, हे मी नाकारणार नाही. पण घरच्या स्वयंपाकघरातून विनापरवाना अन्न विकणे नियमात बसत नाही, आणि मोबाईलवरच्या गटात ऑर्डर घेतली म्हणून ते घरगुती ठरत नाही. दुबईत अन्न हाताळणाऱ्याला आरोग्य कार्ड लागते, जागा नगरपालिकेने मान्य केलेली लागते, पाकिटावर अरबीत मजकूर लागतो. कोणाला बाधा झाली तर त्या बाईच्या बाजूने एकही कागद नसेल. परवानाधारक सामायिक स्वयंपाकघरे आज उपलब्ध आहेत. पाच-सहा जणींनी मिळून अशी जागा सणाच्या महिन्यांपुरती घेणे, एकीच्या नावावर लायसन्स आणि बाकीच्या रीतसर कामावर, हे जमण्यासारखे आहे. आपल्या मंडळाने कार्यक्रमांना जेवण मागवताना अशा गटाला प्राधान्य दिले तर पहिला ग्राहकही घरचाच मिळेल. यावर कार्यकारिणीने विचार करावा अशी विनंती.

धंद्याचा विषय निघाला की श्री. धनंजय दातार यांचे उदाहरण दिले जातेच, आणि ते योग्यच आहे. १९८४ मध्ये बर दुबईतल्या वडिलांच्या लहानशा किराणा दुकानातून अदिल समूह उभा राहिला. पण त्या उदाहरणातला एक भाग आपण ऐकतो आणि एक ऐकत नाही. तिथे आधी दुकान होते, माल होता, समोर गिऱ्हाईक होते, बाकी सगळे नंतर आले. आज आपण लायसन्सपासून सुरुवात करतो, मग व्हिजिटिंग कार्ड छापतो, आणि गिऱ्हाईक शोधायला शेवटी निघतो.

भारतासंबंधी थोडे. मे २०२२ पासून भारत आणि अमिरातीमधला व्यापार करार, सेपा, लागू झाला आहे. आयात शुल्कातली सवलत हवी असेल तर माल भारतातलाच असल्याचा रीतसर दाखला हवा, नुसते नाशिकचे बिल पुरत नाही. दुसरे, गावी असलेला भाऊ किंवा मेव्हणा तिथूनच कंपनीचा सगळा कारभार पाहणार असेल तर जपून. भारताच्या प्राप्तिकर कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, भारतातले उत्पन्न १५ लाख रुपयांच्या वर असलेला आणि दुसऱ्या कुठल्याही देशात कर न भरावा लागणारा भारतीय नागरिक भारताचा रहिवासी धरला जाऊ शकतो. अशा माणसाचे परदेशातले उत्पन्न सहसा करातून सुटते, पण भारतातून चालवल्या जाणाऱ्या धंद्याचे सुटत नाही. सह्या, निर्णय, करार हे सगळे इथे होऊ द्या आणि तसे कागद ठेवा.

शेवटची गोष्ट शुभशकुनाची नाही, तरी लिहितो. नोकरदार गेला तर कंपनी त्याची देणी कुटुंबाला देते. मालक गेला तर बँक खाते गोठते आणि लायसन्सवर सही करणारे कोणी उरत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे मुस्लिमेतर व्यक्तीने मृत्युपत्र केले नसेल तर निम्मे पतीला किंवा पत्नीला आणि निम्मे मुलांना जाते. आपल्या कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांना शरियतप्रमाणे वाटणी लागू होते, तिची सोय त्यांनी जाणकाराला विचारून करावी. वाटणी कुठलीही असो, न्यायालयाचा आदेश येईपर्यंत दुकान चालवायचे कोणी, हा प्रश्न राहतोच. मुस्लिमेतरांसाठी दुबईत डीआयएफसीमध्ये २०१५ पासून मृत्युपत्र नोंदवण्याची सोय आहे, आणि त्यात कंपनीच्या भागांविषयी वेगळे मृत्युपत्र करता येते. त्याबरोबर कंपनीच्या करारनाम्यात दुसरा व्यवस्थापक नेमून ठेवला आणि बँकेत त्याची सही नोंदवली तर निदान कामगारांचा त्या महिन्याचा पगार तरी अडणार नाही. करारनामा करताना हे कलम घालायला सांगा, आणि अरबी मजकुरातही ते आले आहे ना हे दुभाष्याकडून वाचून घ्या, कारण न्यायालयात तोच मजकूर धरला जातो.